पिचरच्या नावावरचे विजय आणि कूपर्सटाउनचा दरवाजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५४ विजय नावावर असलेला पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा, जॅक मॉरिस कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-दालनात, आहे. मग २२९ विजयांचा लुईस टियांट आणि १३९ विजयांचा योहान सांताना बाहेर का? मतपत्रिकेवर आलेल्या फेलिक्स हर्नांडेझ आणि अँडी पेटिट यांच्यापैकी कोणाला मत द्यावे? आणि मुळात पिचरची योग्यता कशावरून ठरवावी? विचारणारे वाचक क्रिकेट चांगले जाणतात आणि बेसबॉल काही वर्षे नियमित पाहत आहेत, असे त्यांनीच लिहिले आहे. त्यामुळे खेळाची बाराखडी सोडून थेट विषयाकडे येतो.

मी न्यू जर्सीत बावीस वर्षे शाळकरी पिचर्सना शिकवतो आहे आणि तेवढीच वर्षे सामन्यांचे स्कोअरबुक लिहितो आहे. त्याआधी पुण्यात क्लब क्रिकेटचे स्कोअरिंग करत असे. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, ते आधीच सांगून टाकतो. पिचरच्या नावापुढे ‘विजय’ म्हणून जो आकडा लिहिला जातो, त्यात त्याच्या कामापेक्षा त्याच्या संघाचा, मॅनेजरचा आणि काळाचा वाटा मोठा असतो. हॉल ऑफ फेमच्या मतदारांनी कित्येक दशके तोच आकडा प्रमाण मानला आणि त्यामुळे काही माणसे आत गेली, तर त्यांच्या तोडीची किंवा त्यांच्याहून सरस काही माणसे दाराबाहेर राहिली.

निवडीची पद्धत आधी दोन शब्दांत सांगायला हवी, कारण पुढचा बराचसा अन्याय या पद्धतीतूनच घडला आहे. किमान दहा हंगाम खेळलेला खेळाडू निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मतपत्रिकेवर येतो. बेसबॉल लेखकांच्या संघटनेत सलग दहा वर्षे सभासद राहिलेले पत्रकार मत देतात. निवड होण्यासाठी ७५ टक्के मते लागतात. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहाच नावांवर खूण करता येते. आणि एखाद्याला ५ टक्क्यांहून कमी मते पडली, तर त्याचे नाव पुढच्या वर्षीपासून कायमचे निघते. पूर्वी एका खेळाडूला पंधरा वर्षे मिळत, २०१४ मध्ये ती दहावर आणली गेली. पत्रकारांकडून निवड झाली नाही, तर पुढे सोळा जणांची समिती असते आणि तिथे बारा मते लागतात. पहिली निवडणूक १९३६ मध्ये झाली, तेव्हा पाच जण निवडले गेले आणि त्यांत दोन पिचर होते, वॉल्टर जॉन्सन आणि क्रिस्टी मॅथ्यूसन. ज्याच्या नावाने उत्तम पिचरचा पुरस्कार दिला जातो, त्या ५११ विजयांच्या साय यंगला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले आणि तेव्हाही त्याला जेमतेम ७६ टक्के मते मिळाली. म्हणजे पिचरला मोजायचे कसे, याविषयीचा गोंधळ या संस्थेइतकाच जुना आहे.

आता ‘विजय’ या आकड्याकडे येऊ. सामना सुरू करणाऱ्या पिचरने किमान पाच डाव टाकले, तो बाहेर पडला तेव्हा त्याचा संघ पुढे होता आणि ती आघाडी शेवटपर्यंत एकदाही गेली नाही, तर विजय त्याच्या नावावर लिहिला जातो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या खात्यात बळी जमा होतात, सामने होत नाहीत. आठ बळी घेऊनही सामना हरलेल्या गोलंदाजाच्या बाजूला कोणी ‘पराभव १’ असे लिहीत नाही. बेसबॉलमध्ये लिहितात. काही वर्षांपूर्वीचे माझ्या स्कोअरबुकचे एक पान मी अजून मुलांना दाखवतो. पंधरा वर्षांच्या एका पोराने सात डावांत अकरा जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, दोनच हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारे टोले) दिले, आणि सातव्या डावात डाव्या क्षेत्ररक्षकाच्या मिटमधून साधा झेल सुटला, त्यावर एक धाव गेली. आमच्या फलंदाजांनी शून्य केले. नियमाप्रमाणे त्या पोराच्या नावापुढे पराभव लिहिताना माझा हात जड झाला होता. ज्या नोंदीवर शाळकरी सामन्यात माझा विश्वास बसत नाही, तीच नोंद अडीचशे वेळा एकाखाली एक लिहिली म्हणून विश्वासार्ह कशी होईल?

याचे मोठ्या मैदानावरचे उदाहरण म्हणजे २०१० चा फेलिक्स हर्नांडेझ. त्या हंगामात त्याने सिअॅटल मरिनर्ससाठी ३४ सामने सुरू केले, जवळजवळ अडीचशे डाव टाकले, २३२ स्ट्राइकआउट घेतले आणि त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याच्या पदरी पडलेल्या धावांची सरासरी, २.२७ होता, मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यांत कमी. पण त्याच्या संघाने १६२ सामन्यांत मिळून ५१३ धावा केल्या आणि १०१ सामने गमावले. परिणाम असा, की वर्षभर लीगमधल्या सगळ्या फलंदाजांना जखडून ठेवणाऱ्या या माणसाची नोंद १३ विजय आणि १२ पराभव अशी राहिली. त्याच वर्षी सीसी सबाथियाचे २१ विजय होते आणि डेव्हिड प्राइसचे १९. तरीही साय यंग पुरस्काराच्या २८ मतदारांपैकी २१ जणांनी हर्नांडेझला पहिल्या क्रमांकाचे मत दिले. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, नेमके उलटे घडले होते. योहान सांतानाने २.८७ च्या ईआरएने २३८ स्ट्राइकआउट घेतले होते. पुरस्कार मात्र ३.४८ ईआरए आणि १५७ स्ट्राइकआउट असलेल्या बार्टोलो कोलोनकडे गेला, कारण कोलोनचे विजय २१ होते आणि सांतानाचे १६. सांतानाच्या घरी त्या वर्षीची ट्रॉफी असती, तर त्याच्याकडे सलग तीन साय यंग असते, आणि मला खात्री आहे की आज हा प्रश्न कोणी विचारलाच नसता.

मग पाहायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. पिचरच्या स्वतःच्या हातात काय असते, ही पहिली. फलंदाजाने चेंडू मैदानात टोलवल्यानंतर पुढचे बरेचसे क्षेत्ररक्षकांवर आणि नशिबावर अवलंबून असते, हे वोरोस मॅक्रॅकेन या अभ्यासकाने २००१ मध्ये आकड्यांनिशी मांडले, तेव्हा अनेक जुन्या जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. पण स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) आणि होम रन (फलंदाजाला थेट घरी आणणारा टोला) यांवर पिचरचा ताबा सर्वांत जास्त असतो, हे आता सगळेच मानतात. दुसरी गोष्ट काळ आणि मैदान. १९६८ मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ होता आणि पिचर इतके वरचढ झाले होते, की १९६९ पासून माउंडची, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची, उंची १५ इंचांवरून १० इंच करण्यात आली. त्या वर्षीचा २.९० आणि २००० सालचा २.९० हे एकच काम नव्हे. म्हणून मी ईआरए प्लस पाहतो, ज्यात मैदान आणि काळ यांचा हिशेब करून लीगची सरासरी १०० धरली जाते. १३० म्हणजे फारच उत्तम, ११५ म्हणजे चांगला. पेड्रो मार्टिनेझचा २००० सालचा ईआरए प्लस २९१ होता, म्हणजे फलंदाजांचे राज्य असलेल्या काळात तो जवळजवळ वेगळाच खेळ खेळत होता. तिसरी गोष्ट ओझे: किती डाव, किती वर्षे. पिचरचे खांदे आणि कोपरे हे त्याचे भांडवल असते आणि ते तो किती काळ पुरवू शकला, याला किंमत दिलीच पाहिजे.

आता जॅक मॉरिस. त्याच्याविषयी लिहिताना मला नेहमी सांभाळून लिहावे लागते, कारण २७ ऑक्टोबर १९९१ ची ती रात्र मलाही फार प्रिय आहे. मिनिआपोलिसचे मेट्रोडोम, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना, मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्हज, दोन्हीकडे शून्य. आठव्या डावात लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर असताना टेरी पेंडलटनने खोलवर टोला मारला, स्मिथ सहज घरी पोहोचायला हवा होता. पण ट्विन्सच्या आतल्या क्षेत्ररक्षकांनी झेलफेकीचे सोंग केले, स्मिथ दुसऱ्या बेसजवळ घुटमळला आणि तिसऱ्यावरच अडकला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसे, एकही बाद नाही. मॉरिसने रॉन गँटला छोट्या घरंगळत्या चेंडूवर बाद केले, डेव्हिड जस्टिसला मुद्दाम वॉक देऊन तिन्ही बेस भरले, आणि सिड ब्रीमचा चेंडू पहिल्या बेसवाल्याकडे, तिथून कॅचरकडे आणि परत पहिल्या बेसकडे, असा दुहेरी बळी झाला. मॉरिसने नववा टाकला, दहावाही टाकला, आणि जीन लार्किनच्या हिटवर ट्विन्स १-० जिंकले. ३६ वर्षांच्या माणसाने वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दहा डावांचा शटआउट (एकही धाव न देता एकट्याने टाकलेला पूर्ण सामना) टाकावा, यापुढे कोणीही हात जोडावेत.

परंतु हॉल ऑफ फेम एका रात्रीसाठी नसतो. मॉरिसचा कारकिर्दीचा ईआरए ३.९० आहे; निवड झाली तेव्हा तो तिथल्या सगळ्या पिचर्समध्ये सर्वांत जास्त होता. ईआरए प्लस १०५, म्हणजे सरासरीच्या थोडासा वर. त्याचे समर्थक म्हणत, की संघ पाच धावांनी पुढे असला तर मॉरिस ढिल सोडत असे आणि सामना अटीतटीचा असला की आवळत असे, म्हणून ईआरए फुगलेला दिसतो. हा दावा अभ्यासकांनी त्याचे सामने डावागणिक उलगडून तपासला आणि तो टिकला नाही. त्याला विजय मिळाले ते प्रामुख्याने डेट्रॉइट टायगर्सच्या भरभक्कम फलंदाजीमुळे आणि तो सामन्यात खोलवर टिकत असे म्हणून. हा दुसरा गुण खरा आहे आणि त्याचे श्रेय मी देतो. पत्रकारांनी पंधरा वर्षे त्याला ७५ टक्क्यांच्या खालीच ठेवले; २०१३ मध्ये ६७.७ टक्क्यांपर्यंत तो पोहोचला होता. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये समितीने त्याला आत घेतले. मी त्याला मत दिले नसते. पण त्याची निवड रद्द करा असे म्हणण्यातही मला रस नाही. माझे म्हणणे एवढेच, की मॉरिसला पट्टी धरून दुसऱ्यांना मोजू नका, नाहीतर किमान पन्नास पिचर आत घ्यावे लागतील.

मतदारांचे डोळे उशिरा का होईना उघडू शकतात, याचा पुरावा बर्ट ब्लायलेव्हन आहे. ३,७०१ स्ट्राइकआउट आणि ६० शटआउट असलेल्या या माणसाला १९९८ मध्ये पहिल्या वर्षी १७.५ टक्के मते पडली, कारण तो ३०० विजयांना १३ ने चुकला होता. २०११ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याला ७९.७ टक्के मिळाले. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. बदलले ते मोजणारे.

योहान सांतानाला मात्र हे बदल पाहायला वेळच मिळाला नाही. २०१८ च्या मतपत्रिकेवर तो प्रथम आला आणि ४२२ पैकी फक्त १० मते मिळून, २.४ टक्क्यांवर, त्याच वर्षी बाहेर पडला. त्या मतपत्रिकेवर चिपर जोन्स, जिम टोमी, व्लादिमीर गरेरो आणि ट्रेव्हर हॉफमन होते, ते निवडलेही गेले. शिवाय माइक मुसिना, एडगर मार्टिनेझ, लॅरी वॉकर होते, जे पुढे निवडले गेले. आणि बॅरी बाँड्स व रॉजर क्लेमेन्स यांच्यावरचा उत्तेजकांचा वाद पाच वर्षे तुंबून राहिला होता. दहाच खुणा करायच्या असताना अनेक पत्रकारांना अकरावा-बारावा म्हणून सांतानाला सोडावे लागले असणार. पण नियमाला कारण कळत नाही, त्याला टक्केवारी कळते.

सांतानाशी तुलना नेहमी सँडी कोफॅक्सची होते, आणि ती नीट करायला हवी, कारण दोन्ही बाजूंचे लोक ती अर्धवट करतात. कोफॅक्सने १६५ विजय आणि सुमारे २,३२४ डावांवर, कोपराच्या संधिवातामुळे, वयाच्या तिसाव्या वर्षी खेळ सोडला आणि १९७२ मध्ये ३६ व्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. इतक्या लहान वयात आजवर दुसरे कोणी गेलेले नाही. सांतानाचे डाव सुमारे २,०२५. ईआरए प्लस पाहिला तर कोफॅक्स १३१ आणि सांताना १३६. यावरून काही जण घाईने म्हणतात, की सांताना कोफॅक्सपेक्षा सरस. तसे मला मान्य नाही. कोफॅक्सच्या पहिल्या सहा हंगामांत त्याचे विजय ३६ आणि पराभव ४० होते आणि ते कच्चे हंगाम त्याची सरासरी खाली ओढतात. शेवटच्या चारांपैकी तीन हंगामांत त्याने प्रत्येकी तीनशेहून अधिक डाव टाकले, तर सांतानाचा सर्वांत मोठा हंगाम २३४ डावांचा होता. आणि वर्ल्ड सिरीजमधला कोफॅक्सचा ईआरए ०.९५ आहे. दुसऱ्या बाजूने, डॉजर स्टेडियम पिचर्सना इतके धार्जिणे होते, की तिथे कोफॅक्सचा ईआरए १.३७ होता, सांतानाने मात्र फलंदाजांच्या काळात काम केले. माझा निष्कर्ष असा, की कोफॅक्स वरचढ आहे, पण त्या दोघांमधले अंतर कोफॅक्सला पडलेली ८६.९ टक्के मते आणि सांतानाची २.४ टक्के मते यांच्यातले अंतर मुळीच नाही.

सांतानाचा चेंज-अप, म्हणजे फसवा संथ चेंडू, मी कितीतरी पोरांना चित्रफितीवर दाखवला आहे. हात फास्टबॉलच्याच वेगाने, त्याच कोनातून खाली येतो, बोटांची पकड तेवढी वेगळी. फलंदाजाची बॅट अर्ध्यावर आलेली असते आणि चेंडू अजून प्लेटपासून दूर असतो. २००८ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सचा हंगाम तुटायला आला असताना, हंगामाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी, त्याने फक्त तीन दिवसांच्या विश्रांतीवर फ्लोरिडाविरुद्ध तीन हिट देऊन २-० असा शटआउट टाकला. नंतर कळले की त्याच्या गुडघ्यातली कूर्चा फाटलेली होती. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे २०११ चा हंगाम पूर्ण हुकला, आणि १ जून २०१२ ला त्याने १३४ चेंडू टाकून मेट्सच्या इतिहासातला पहिला नो-हिटर, म्हणजे एकही हिट न दिलेला सामना, पुरा केला. पन्नास वर्षे, आठ हजारांहून अधिक सामने, आणि तोपर्यंत एकही नाही. त्या ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये पुन्हा उतरला नाही. त्या रात्रीच्या १३४ चेंडूंनी खांदा गेला असे मी म्हणणार नाही, खांदा आधीच दुखावलेला होता. पण समितीपुढे त्याचे नाव जेव्हा येईल, तेव्हा सलग पाच हंगाम तो या खेळातला पहिल्या एक-दोघांतला पिचर होता, ही एकच गोष्ट त्याच्या बाजूने पुरेशी आहे.

रिलीव्हरबद्दल, म्हणजे सामन्यात मधूनच येणाऱ्या पिचरबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण तो वाद माझ्या मते तितका मोठा नाही. मारियानो रिव्हेरा २०१९ मध्ये ४२५ पैकी ४२५ मतांनी निवडला गेला आणि ते योग्यच झाले. नियमित हंगामात ६५२ सेव्ह (शेवटपर्यंत राखलेल्या आघाड्या) आणि त्यानंतरच्या बाद फेरीच्या सामन्यांत १४१ डावांत ०.७० ईआरए असलेला दुसरा माणूस नाही. बिली वॅग्नर २०२५ मध्ये दहाव्या आणि शेवटच्या वर्षी ८२.५ टक्क्यांनी निवडला गेला. त्याच्या प्रत्येक डावाचा दर्जा अप्रतिम होता, पण डाव अवघे ९०३. कोफॅक्सने जवळजवळ तेवढे तीन हंगामांत टाकले. वॅग्नरला आत घेणाऱ्या मतदारांनी सांतानाचे २,०२५ डाव कमी पडले असे म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.

रॉजर क्लेमेन्सचे नाव टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ३५४ विजय, सात साय यंग, आणि २०२२ मध्ये शेवटच्या वर्षी ६५.२ टक्के. त्याच्यावरचे उत्तेजकांचे आरोप १९९८ पासूनच्या काळाविषयीचे आहेत. खोटी साक्ष दिल्याच्या खटल्यातून तो २०१२ मध्ये निर्दोष सुटला. १९९७ च्या अखेरपर्यंतच त्याचे २१३ विजय आणि चार साय यंग झाले होते आणि तेवढ्यावरही तो सहज आत गेला असता. मतदानाच्या नियमांत सचोटी आणि चारित्र्य हे शब्द आहेत; त्यांवर बोट ठेवून जो मतदार त्याला नाकारतो, त्याच्याशी माझे भांडण नाही. पण चेंडूला ओशट पदार्थ लावल्याचे स्वतःच कबूल करणारा गेलॉर्ड पेरी १९९१ मध्ये आत गेला, हेही त्याने लक्षात ठेवावे.

आता हर्नांडेझ की पेटिट. इथे आकडे मला अवघडून टाकतात, ते लपवत नाही. दोघांचा ईआरए प्लस अगदी सारखा, ११७. पेटिटचे डाव ३,३१६, हर्नांडेझचे २,७२९. पेटिटचे विजय २५६, हर्नांडेझचे १६९. पेटिटने बाद फेरीत १९ सामने जिंकले, जो विक्रम आहे. हर्नांडेझला मरिनर्सबरोबर बाद फेरीत एकही चेंडू टाकायला मिळाला नाही. नुसती बेरीज केली तर पेटिट पुढे आहे. तरीही माझे पहिले मत हर्नांडेझला आहे. पेटिट इतक्या वर्षांत एकदाही त्याच्या लीगमधला सर्वोत्तम पिचर नव्हता. तो भरवशाचा, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा पिचर होता आणि यांकीजसारख्या संघात ते फार मोलाचे काम होते. हर्नांडेझ २०१० मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये ईआरएमध्ये लीगमध्ये पहिला होता, २००८ ते २०१५ असे सलग आठ हंगाम त्याने दोनशेहून अधिक डाव टाकले, आणि २०१२ मध्ये टँपाविरुद्ध १-० अशा सामन्यात परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिले नाही. एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आलेला तो पोरगा तिशीला पोहोचेपर्यंत त्याचा हात संपला होता. तो हात त्याने एका दुबळ्या संघासाठी, दर पाचव्या दिवशी, कुरकुर न करता झिजवला. पेटिटने दुखापतीतून बरे होण्यासाठी ग्रोथ हार्मोन घेतल्याची कबुली २००७ मध्ये दिली. ती त्याने लगेच दिली म्हणून मी त्याचा फार बाऊ करत नाही, पण सीमारेषेवरच्या माणसाच्या बाबतीत तेवढे वजनही पारडे हलवते. २०२५ मध्ये हर्नांडेझला पहिल्याच वर्षी २०.६ टक्के मिळाले. ब्लायलेव्हनने सुरुवात याहून खालून केली होती.

शेवटी लुईस टियांट, ज्याच्यासाठी मी हे उत्तर इतके लांबवले. त्याच्या शेजारी जिम ‘कॅटफिश’ हंटरला ठेवून पाहा. डाव: टियांट ३,४८६, हंटर ३,४४९. विजय: २२९ आणि २२४. पराभव: १७२ आणि १६६. पूर्ण टाकलेले सामने: १८७ आणि १८१. शटआउट: ४९ आणि ४२. स्ट्राइकआउट: २,४१६ आणि २,०१२. साधा ईआरए हंटरचा जरा कमी, ३.२६ विरुद्ध ३.३०; पण हंटर ओकलंडच्या पिचरधार्जिण्या मैदानावर खेळला आणि टियांटची ऐन उमेदीची वर्षे बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये गेली, जिथे डावीकडची उंच हिरवी भिंत इतकी जवळ आहे की इतरत्र झेल होणारे चेंडू तिच्यावर आदळून दोन बेस देतात. तो हिशेब केला की ईआरए प्लस टियांटचा ११४ आणि हंटरचा १०४. हंटर १९८७ मध्ये निवडला गेला. टियांट पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, मतपत्रिकेवर आला, त्याला ३०.९ टक्के मिळाले आणि पुढची सगळी वर्षे तो त्याच्या खालीच राहिला.

असे का झाले, याचे उत्तर रांगेत आहे. हंटरने पाच सलग हंगामांत वीसहून अधिक विजय मिळवले होते, त्याच्याकडे वर्ल्ड सिरीज जिंकल्याच्या अंगठ्या होत्या, आणि त्याच्या वेळी मतपत्रिकेवर मोठे पिचर फारसे नव्हते. टियांटच्या पाठोपाठ मात्र गेलॉर्ड पेरी, फर्ग्युसन जेन्किन्स, जिम पामर, टॉम सीव्हर, स्टीव्ह कार्ल्टन, फिल नीक्रो, डॉन सटन असे एकामागून एक आले, त्यांतले बहुतेक तीनशे विजयांचे. त्यांच्या शेजारी २२९ हा आकडा लहान दिसला आणि मतदारांनी आकड्याच्या आत डोकावून पाहिले नाही. हंटर दोन वर्षे उशिरा आणि टियांट दोन वर्षे आधी निवृत्त झाला असता, तर काय झाले असते हा विचार माझ्या मनातून जात नाही.

टियांट क्युबाचा. त्याचे वडील, थोरले लुईस टियांट, कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगमध्ये पिचर होते, अशा काळात जेव्हा मेजर लीगची दारे त्यांना बंद होती. मुलाने १९६८ मध्ये क्लीव्हलंडसाठी १.६० चा ईआरए नोंदवला, पुढच्या वर्षी वीस सामने हरला, मग त्याचा हात गेला. दोन संघांनी त्याला सोडून दिले आणि बॉस्टनने १९७१ मध्ये घेतले. परत आला तो वेगळाच पिचर होऊन. वेग कमी झाला म्हणून त्याने अंग वळवायला सुरुवात केली: चेंडू टाकण्याआधी पूर्ण पाठ फलंदाजाकडे, नजर सेंटर फील्डकडे, मान आकाशाकडे, आणि मग कुठल्या क्षणी, कुठल्या कोनातून चेंडू येईल याचा पत्ता नाही. १९७२ मध्ये १.९१ च्या ईआरएने तो लीगमध्ये पहिला आला. हात गेल्यावर नव्या हुन्नराने परत उभे राहणे किती कठीण असते, हे पिचर शिकवणाऱ्याला विचारा.

१९७५ मध्ये, सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या मध्यस्थीनंतर, क्युबाच्या सरकारने त्याच्या आईवडिलांना अमेरिकेत येऊ दिले आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या टियांटने फेनवेच्या माउंडवरून मानाचा पहिला चेंडू टाकला, मुलगा शेजारी कोट धरून उभा. दोन महिन्यांनी वर्ल्ड सिरीजमध्ये मुलाने सिनसिनाटीच्या त्या धडकी भरवणाऱ्या संघाविरुद्ध पहिला सामना ६-० असा शटआउट टाकून जिंकला. चौथ्या सामन्यात त्याचा चेंडू नेहमीसारखा चालत नव्हता, चार धावा गेल्या, तरी ५-४ अशा आघाडीवर तो नववा डाव टाकायला स्वतःच आला. दीडशेहून अधिक चेंडू झाले होते. दोन बेसवर माणसे, केन ग्रिफीचा खोल टोला फ्रेड लिनने धावत जाऊन पकडला, आणि जो मॉर्गनचा उंच उडालेला चेंडू झेलला गेला. मॉरिसच्या दहा डावांची आठवण काढणाऱ्यांनी हीही रात्र आठवावी.

टियांट ऑक्टोबर २०२४ मध्ये ८३ व्या वर्षी गेला. दोनच महिन्यांनी समितीपुढे त्याचे नाव होते; तिने डिक अॅलन आणि डेव्ह पार्कर यांना निवडले, टियांटला नाही. त्याच्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी समिती ठरलेल्या फेऱ्यांप्रमाणे आता डिसेंबर २०२७ मध्ये बसेल. सोळा जणांपैकी बारा मते लागतील, आणि त्या सोळा जणांपुढे हंटर आणि टियांट यांचे आकडे एकाच कागदावर, शेजारीशेजारी छापून ठेवावेत, असे पत्र मी हॉल ऑफ फेमला लिहिले आहे.